ओसाड गांव पुन्हां कसें वसतें?

दरिद्री राष्ट्रांनीं हालअपेष्टांतून वर कसें यावें, आणि एकदां वर आल्यावर पुन्हां खालीं कसें घसरूं नये, या प्रश्नाची चर्चा अनेक पंडितांनीं केली आहे. कोणी म्हणतात भांडवल आणा, कोणी म्हणतात कारखाने काढा, कोणी म्हणतात शाळा उघडा. तिन्ही गोष्टी आवश्यक आहेत, यांत संशय नाहीं. परंतु त्या कोणत्या क्रमानें व कोणत्या अटींवर द्याव्या, याविषयीं फारसें बोललें जात नाहीं. आणि आमच्या अल्प मतीप्रमाणें सर्व मर्म या अटींतच आहे. तें मर्म शोधण्यासाठीं परदेशचे ग्रंथच उलटावयास हवेत असें नाहीं. आमच्या कसबा पेठेच्या मातीनें हा धडा जवळजवळ चारशें वर्षांपूर्वीं घालून दिला आहे. तो आपण नीट वाचीत नाहीं, एवढेंच.

गाढवाचा नांगर

सन १६३० च्या सुमारास कसबें पुणें हें भोसल्यांच्या जहागिरीचें गांव होतें. शहाजीराजे दक्षिणेंतील सत्तांच्या झगड्यांत गुंतले असतां आदिलशाही सरदार मुरार जगदेव यानें पुण्यावर चाल केली आणि गांव जाळून उध्वस्त केलें. परंपरा असें सांगते कीं, जळक्या वस्तीवर त्यानें गाढवाचा नांगर फिरविला, भूमींत लोखंडी पहार ठोकली आणि तिच्यावर फाटकी वहाण व केरसुणी टांगली. याचा अर्थ त्या काळीं पोरासोरांसही कळत होता. येथें जो घर बांधील किंवा शेत करील त्याचें वाटोळें होईल, अशी ती जाहीर धमकी होती.

त्याच वेळीं आभाळानेंही पाठ फिरविली. १६३० ते १६३२ या वर्षांत दक्षिणेंत व गुजराथेंत जो भयंकर दुष्काळ पडला, त्यांत गांवेंच्या गांवें ओस झालीं. देहूच्या तुकोबांची प्रथम पत्नी याच दुष्काळांत अन्नावांचून गेली, हें महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. घरें जळालीं तीं पुन्हां बांधतां येतात; पाऊस एक वर्ष नाहीं तर दुसऱ्या वर्षीं येतो. परंतु ज्या गांवावर पहार ठोकली गेली, तेथील माणसाचा उद्यांवरील विश्वासच उडतो. आज ज्यांस विकसनशील राष्ट्रें म्हणतात, त्यांपैकीं अनेकांची स्थिति हीच आहे. युद्ध झालें, अवर्षण झालें, आणि या दोहोंहून वाईट म्हणजे, पेरलेलें आपल्याच घरीं येईल हा भरंवसा नाहींसा झाला.

अन्नछत्र आणि बैलजोडी

या दुष्काळांत सत्ताधीश स्वस्थ बसले होते असें म्हणणें अन्यायाचें होईल. बादशहा शहाजहान त्या वेळीं बऱ्हाणपुरास होता. त्याच्या दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो कीं, बादशहानें लंगर उघडविले, बऱ्हाणपुरांत दर सोमवारीं पांच हजार रुपये वाटण्याचा हुकूम केला आणि सुमारें सत्तर लाख रुपयांचा सारा माफ केला. भुकेल्यास प्रथम अन्न द्यावें, हा धर्मच आहे. परंतु सोमवारचें नाणें मंगळवारीं संपतें. अन्नछत्र माणूस जगवितें, पण त्याचें शेत नांगरीत नाहीं. पाऊस परत आला तेव्हां शेतकऱ्याजवळ बैल नव्हते, बियाणें नव्हतें, आणि पहिल्याच पिकावर सरकारची पुरी मागणी येईल हें भय मात्र होतें. अशा स्थितींत शहाणा माणूस गांवीं परततच नाहीं.

पुण्यास जें घडलें तें याहून निराळें होतें. १६३६ नंतर शहाजीराजे कर्नाटकाकडे गुंतले, जिजाबाई बाल शिवाजीसह पुण्यास आल्या, आणि जहागिरीची व्यवस्था दादोजी कोंडदेव पाहूं लागले. दादोजींच्या गुरुत्वाचा जो वाद अलीकडे माजला, तो येथें आम्हांस कर्तव्य नाहीं. कारभार त्यांच्या हातीं होता, इतकें या लेखापुरतें पुरे. पहार उपटली गेली. कसब्यांत गणपतीचें देऊळ उभें राहिलें. तोच आज पुण्याचा ग्रामदेव. लाल महाल बांधला गेला. आणि परंपरा सांगते कीं, सोन्याचा नांगर धरून या भूमींत तास काढण्यांत आलें.

आतां, सोन्याचा नांगर शेतीच्या काय कामाचा? सोनें मऊ, दगडाला लागतांच फाळ वांकावयाचा. मग हा खटाटोप केवळ शोभेसाठीं होता काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या भूमीवर धमकी ठोकली होती, तिच्यावर धन्यानें आपली अब्रू व आपलें मूल घेऊन प्रथम पाऊल टाकलें. जें अरिष्ट येईल तें आधीं आमच्यावर येवो, असें रयतेस न बोलतां सांगितलें. लोक परतले ते त्या सोन्याकडे पाहून नव्हेत. जहागीरदाराचें बिऱ्हाड याच गांवांत आहे, हें पाहून ते परतले.

या एका गोष्टीवर अनेक राष्ट्रांची परीक्षा करतां येईल. ज्या देशांतील धनिक आपला पैसा परक्या देशांतील पेढ्यांत ठेवतात, ज्यांचे अधिकारी आपलीं मुलें परदेशीं शिकवितात व दुखणें आलें कीं स्वतःही तिकडेच जातात, त्या देशांतील गरिबानें आपल्या राष्ट्राच्या भवितव्यावर विश्वास कसा ठेवावा? ज्यास स्वतः त्या गांवांत घर बांधण्याचा धीर होत नाहीं, त्यानें इतरांस बांधा म्हणूं नये.

इस्ताव्याचें गणित

परंतु केवळ धीर दिल्यानें पीक येत नाहीं. पुढचें काम अधिक रूक्ष आणि अधिक महत्त्वाचें होतें. ओसाड जमीन करावयास घेणाऱ्यास कौल देण्यांत आला. म्हणजे अमुक अटींवर तूं निर्धास्तपणें कसून खा, असें अभयपत्र. साऱ्याची मागणी इस्ताव्यानें ठेवली. म्हणजे पहिल्या वर्षीं नाममात्र, मग पायरीपायरीनें वाढत कांहीं वर्षांनीं पुरी. मावळांत लांडग्यांचा सुळसुळाट झाला होता. ते मारणारास बक्षिसें दिलीं, असें बखरी सांगतात. कारण इस्तावा कितीही उदार असला तरी ज्याचें वासरूं रात्रीं लांडगा नेतो, तो टिकूं शकत नाहीं.

आमचा जन्म मुलांस त्रैराशिक शिकविण्यांत गेला, म्हणून एक हिशेब मांडल्यावांचून राहवत नाहीं. आंकडे केवळ समजुतीकरितां आहेत. समजा, एका शेताचा पुरा सारा दहा रुपये आहे. पहिल्या वर्षीं एक, मग दोन, तीन, चार, सहा, आठ आणि सातव्या वर्षीं दहा रुपये, असा इस्तावा ठरला. सात वर्षांत सरकारास चौतीस रुपये मिळाले. पुरा सारा घेतला असता तर सत्तर झाले असते. वरवर पाहणारा म्हणेल, छत्तीस रुपये बुडाले! परंतु पहिल्याच वर्षीं दहा मागितले असते तर शेतकरी दुसऱ्या वर्षीं रातोरात पळाला असता. दहा रुपये हातीं लागले असते आणि पुढें शेतांत कुसळें. इस्ताव्यानें मात्र आठव्या वर्षापासून दरसाल दहा रुपये येत राहतात, आणि शेतकऱ्याच्या दारीं बैलजोडी उभी असते. जें बुडालेंसें दिसतें तेंच खरें भांडवल होय.

ही युक्ति केवळ पुण्याची नव्हे. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत नवीन जनपद वसविण्याचा जो विचार केला आहे, त्यांत शेतकऱ्यास धान्य, पशु व द्रव्य यांनीं साह्य करावें आणि तें त्यानें पुढें सुखानें फेडावें, असें सांगितलें आहे. त्याच ठिकाणीं तो दुसरी बाजूही बजावतो कीं, सवलत अशी असावी जिनें कोश वाढेल. जिनें कोश रिता होईल ती टाळावी, कारण रित्या कोशाचा राजा शेवटीं प्रजेलाच खातो. सवलत ही पायरी आहे; तिचा कोणी पलंग करूं नये.

आणखी एक कथा बखरींतून आली आहे. शिवापूरच्या सरकारी बागेंतील एक आंबा दादोजींनीं अनवधानानें तोडला आणि पुढें प्रायश्चित्त म्हणून अंगरख्याची एक बाही आंखूड ठेवली. कथा अक्षरशः खरी असो वा नसो, ती पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली, यावरून लोकांस काय हवें होतें तें कळतें. नियम करणाराही नियमाखालीं असावा, हें त्यांस हवें होतें. जेथें रयतेचा हात अडतो व अधिकाऱ्याचा अडत नाहीं, तेथें कौलाच्या कागदास किंमत राहत नाहीं.

माणूस गेला, रीत राहिली

दादोजी १६४७ मध्यें वारले. पुष्कळ राष्ट्रांत असें घडतें कीं, एक कर्तबगार पुरुष आहे तोंवर सुबत्ता, तो गेला कीं पुन्हां पहिले पाढे पंचावन्न. येथें तसें झालें नाहीं. जवळजवळ तीस वर्षांनीं, ५ सप्टेंबर १६७६ रोजीं, शिवछत्रपतींनीं प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास जें पत्र लिहिलें तें उपलब्ध आहे. त्याचा आशय असा कीं, गांवोगांव फिरून कुणबी गोळा करावे. ज्यास मनुष्यबळ आहे परंतु बैल व दाणे नाहींत, त्यास बैलांसाठीं पैका व पोटास धान्य द्यावें. आणि तें पुढें व्याज न लावतां, केवळ मुद्दल, त्याला शक्ति येईल तसतसें हळूहळू वसूल करावें. कसब्यांत जी सोय एका जहागिरीपुरती झाली होती, तिचें राज्याच्या आज्ञेंत रूपांतर झालें. टिकाऊ प्रगति ती हीच. चांगल्या माणसाचें औदार्य त्याच्या मागें नियम होऊन राहावें लागतें.

उलटा धडा

याच जिल्ह्यानें पुढें उलटा धडाही पाहिला. इंग्रजी अमलांत सारा रोख पैशांत ठरला आणि पीक येवो न येवो, ठराविक हप्त्यास भरावा लागूं लागला. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें असतां आमच्या कापसास सोन्याचा भाव आला. सावकारांनीं हात सैल सोडला, शेतकऱ्यांनीं कर्जें काढलीं. युद्ध संपलें, भाव कोसळले. आणि त्याच सुमारास नव्या आकारणीनें साऱ्यांत मोठी वाढ झाली. शेवटीं १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें दंगा उसळला. दंगेखोरांचा रोख मुख्यतः कर्जाच्या दस्तऐवजांवर होता. ते जाळणें हाच त्यांचा हेतु. १८७९ मध्यें सरकारास दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला.

लक्षांत घ्या कीं, या काळांत पुणें जिल्ह्यांत पैसा आला नव्हता असें नाहीं. पैसा आला, रेल्वे आली, बाजार आला. आला नाहीं तो इस्तावा. भरभराटीच्या वर्षाचें माप धरून मागणी केली आणि पडत्या वर्षांत ती कमी केली नाहीं. आजही कित्येक राष्ट्रें तांबें, तेल किंवा कॉफी यांचा भाव चढला असतां कर्ज घेतात, भाव उतरल्यावर तें फेडूं शकत नाहींत, आणि मग शाळा व दवाखाने यांवरील खर्च तोडतात. सुप्याचाच तो मोठा नकाशा.

आशियांतील दोन उदाहरणें

दक्षिण कोरियाचें उदाहरण पहा. १९५० साली तेथें कुळांस जमीन देण्याचा कायदा अमलांत आला. कुळानें जमिनीच्या एका वर्षाच्या उत्पन्नाच्या दीडपट किंमत पांच वर्षांत, म्हणजे दरसाल उत्पन्नाच्या शेंकडा तीस याप्रमाणें, फेडावयाची. पाठोपाठ युद्ध आलें. १९५३ मध्यें तें थांबलें तेव्हां देश भाजून निघाला होता. परंतु शेतकरी आपल्या जमिनीचा धनी झाला होता, आणि वाचलेला पैसा त्यानें मुलांच्या शिक्षणास लावला. पुढें कारखाने निघाले ते या शिकलेल्या मुलांच्या जोरावर. त्या देशांत पुढें हुकूमशाही आली व लोकांनीं बरेंच सोसलें, हेंही विसरूं नये. पण पाया त्या हप्त्यांत होता.

उलट बाजूस आमची शेजारीण श्रीलंका. तेथें १९४५ पासून विनाशुल्क शिक्षणाची उत्तम परंपरा आहे. असें असतां २०२१ मध्यें सरकारनें रासायनिक खतांची आयात एकदम बंद केली. हेतु कदाचित् चांगला असेल, परंतु पायऱ्या नव्हत्या. भाताचें पीक घटलें आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत निर्णय फिरवावा लागला. परदेशी कर्ज, घटलेले कर, मंदावलेला पर्यटन-व्यवसाय अशीं इतर कारणेंही होतींच. १२ एप्रिल २०२२ रोजीं त्या देशानें परदेशी कर्जाची फेड थांबविल्याचें जाहीर केलें. दहा वर्षांची चढण एका उडींत चढूं पाहणारा पाय मोडून घेतो.

पानशेत आणि दुष्काळ

आपल्या स्वतःच्या काळांतही ही कसोटी लागली. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, मागोमाग खडकवासल्याचेंही, आणि नदीकांठच्या पेठांत हाहाकार झाला. कसब्याच्या सखल भागांत पाणी शिरलें. जुने मातीचे वाडे विरघळल्यासारखे बसले. त्या दिवसांत परक्या घरांतून अन्न आलें, वस्त्रें आलीं. आमच्या वडीलधाऱ्यांनीं त्याच्या आठवणी शेवटपर्यंत काढल्या. पण शहर पुन्हां उभें राहिलें तें त्या पुढच्या कामानें. पुनर्वसनाची धुरा स. गो. बर्वे यांच्याकडे आली. प्रथम तात्पुरते निवारे, मग गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहती आणि सहकारी गृहरचना संस्था. भिक्षेच्या अन्नावर असलेलें कुटुंब कांहीं वर्षांत हप्ते फेडणारा सभासद झालें. या फरकांतच सर्व आलें.

पुढें १९७२ चा दुष्काळ आला. त्या सुमारास वि. स. पागे यांच्या विचारांतून जी रोजगार हमी योजना वाढली, तिचा कायदा १९७७ मध्यें होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. काम मागेल त्यास पंधरा दिवसांत काम, न मिळाल्यास भत्ता, असा हक्क खेड्यांतील मजुरास मिळाला. आपल्या घरांतील मिळवत्या मंडळींच्या पगारपत्रकावर जो व्यवसाय कर दिसतो, तो १९७५ मध्यें या योजनेच्या खर्चासाठींच बसविण्यांत आला. बंडिंग, पाझर तलाव, रस्ते हीं कामें निघालीं. बायकांनीं मोठ्या संख्येनें त्यांत भाग घेतला. २००५ मध्यें संसदेनें अशा हमीचा कायदा सर्व देशासाठीं केला.

या योजनेंत दोष नव्हते असें आम्ही म्हणत नाहीं. खोटीं हजेरीपत्रकें झालीं, अर्धवट रस्ते पुढच्या पावसांत वाहून गेले. जेथें मजुरी वाटणें हाच हेतु राहिला, तेथें ती शहाजहानाची सोमवारची रक्कम ठरली. परंतु १९९० मध्यें हिलाच जोडून फळबागांची जी योजना निघाली, तिच्यांत अनुदान एकदम हातीं न देतां तीन वर्षांत, रोपें जगलीं हें पाहून द्यावयाचें ठरलें. शेतकऱ्यास उसंत मिळाली आणि रोपास पाणी घालण्याची जबाबदारीही त्याच्याकडे राहिली. इस्ताव्याचीच ही नवी आवृत्ति.

कोणी आक्षेप घेईल कीं, अशा सवलतींनीं लोक आळशी होतात. ज्या सवलतीस शेवट नाहीं तिनें होतीलही. इस्ताव्यास शेवट असतो, आणि तो आरंभींच सांगितलेला असतो. दुसरा कोणी म्हणेल, हें सर्व नांगराच्या युगाचें. यंत्रांच्या युगांत याचा काय उपयोग? यंत्र विकत घेणाऱ्यासही पहिलीं वर्षें जड जातात, त्यालाही न बदलणारा करार लागतो, आणि रस्त्यावरचे लांडगे आतां दोन पायांचे झाले आहेत एवढाच भेद.

घरच्या वहींत

राष्ट्रांचीं धोरणें आपल्या हातीं नाहींत, असें म्हणून वाचकांनीं हा लेख बाजूस ठेवूं नये. आपल्या एकत्र कुटुंबांतही एखादा भाऊ व्यापारांत बुडतो, एखादी पुतणी अकालीं विधवा होते. त्या वेळीं आपण सणावारीं वस्त्रें व रोख रक्कम देऊन मोकळे होतों. त्याऐवजीं पांच वर्षांची समजूत घालून द्यावी. पहिल्या वर्षीं सर्व भार घरानें उचलावा, मग तो उतरत जावा, आणि परतफेडीची अपेक्षा असेल तर ती आरंभींच स्पष्ट सांगावी. घरीं काम करणाऱ्या बाईच्या मुलीची एका वर्षाची फी भरून धन्यता मानूं नये. तिची दहावी व पुढचें शिक्षण पुरें होईपर्यंतची जबाबदारी वहींत लिहावी. आमच्या तांबट आळींत अजून कांहीं घरांतून तांब्यावर हातोडी चालते. त्या कारागिराच्या कलेची स्तुति पुष्कळ होते. त्याला हवें असतें पत्र्यासाठीं आगाऊ द्रव्य, योग्य भाव आणि पुढच्या वर्षींही मागणी येईल ही खात्री.

आणि सर्वांत शेवटचें. हें वचन एका माणसाच्या मर्जीवर ठेवूं नये. घरांतील कर्ता पुरुष गेला कीं मदत थांबते आणि अर्ध्या वाटेवरची मुलगी शाळा सोडते, असें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे. मास्तराच्या हजेरीपटावरून तें नांव निघून जातें. म्हणून घरच्या वहींत तें वचन मुलांच्या व सुनांच्या साक्षीनें लिहावें, आणि जो वही पुढें चालवील त्यानें तेंही चालवावें.